‘येलांग झीदा’: म्हणीतला बढाईखोर राजा आणि नकाशावरचे खरे येलांग

तुमचा प्रश्न असा: चिनी शिकताना ‘येलांग झीदा’ ही चार अक्षरांची म्हण आली. पुस्तकात तिची गोष्ट दिली होती. येलांग नावाच्या टीचभर राज्याच्या राजाने हान साम्राज्याच्या दूताला विचारले, ‘हान मोठे की माझे राज्य मोठे?’ आणि तेव्हापासून आपल्याच तोऱ्यात असणाऱ्या अडाणी माणसाला येलांगची उपमा देतात. असे राज्य खरेच होते का, नकाशावर ते कुठे दाखवायचे, आणि ग्वीझोऊ प्रांतात जाणार आहात तर तिथे काय पाहता येईल, असे तुम्ही विचारता.

राज्य होते, याबद्दल शंका नाही. ते आजच्या ग्वीझोऊ प्रांताच्या पश्चिम भागात होते आणि त्याचा गाभा बेइपान नदीच्या खोऱ्यात असावा, असे मानायला चांगला आधार आहे. त्याच्या राजधानीची जागा मात्र अजून सापडलेली नाही. आणि तो प्रसिद्ध प्रश्न आधी विचारला तो येलांगच्या राजाने नव्हे. पाठ्यपुस्तकांतून नेमकी हीच बाब गळते आणि तिच्यावाचून बाकीचे नीट कळत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

म्हणीमागची कथा तपासताना मी आधी सर्वात जुना मजकूर काढतो आणि लिहिणाऱ्याला ती माहिती कुठून मिळाली असेल ते पाहतो. इथे मजकूर आहे सिमा च्येनच्या ‘शिजी’ या इतिहासग्रंथाचे ११६वे प्रकरण, नैर्ऋत्येकडच्या लोकांविषयीचे. सिमा च्येन दरबारात बसून ऐकीव लिहीत नव्हता. इ.स.पू. १११च्या सुमारास तो स्वतः सरकारी कामगिरीवर सिचुआनच्या दक्षिणेकडे, थेट कुनमिंग लोकांच्या मुलखापर्यंत गेला होता. म्हणजे घटनेनंतर दहा-बारा वर्षांत तो त्या टापूत फिरलेला आहे. या प्रकरणाचे पहिले विधान असे, की नैर्ऋत्येकडच्या सरदारांची गणती दहा-दहांनी करावी लागते आणि त्यांत येलांग सर्वात मोठे. पुढे तो सांगतो, की हे लोक केसांचा बुचडा बांधतात, शेती करतात, वस्त्या करून राहतात. म्हणीतले ‘टीचभर’ राज्य मूळ लेखकाच्या नजरेत त्या मुलखातले सर्वात मोठे होते.

प्रश्नाचा प्रसंग इ.स.पू. १२२ नंतरचा आहे आणि त्याचे मूळ भारताशी जोडलेले आहे. झांग च्येन हा हानांचा दूत मध्य आशियात बॅक्ट्रियापर्यंत गेला होता. तिथल्या बाजारात त्याला सिचुआनचे कापड आणि च्योंग डोंगरातल्या बांबूच्या काठ्या दिसल्या. हा माल शेनदूहून, म्हणजे सिंधूच्या देशातून, आपल्या भारतातून येतो, असे व्यापाऱ्यांनी त्याला सांगितले. त्याने हिशेब मांडला: सिचुआनचा माल भारतात पोचतो, म्हणजे सिचुआनहून भारताकडे जाणारी जवळची वाट असली पाहिजे, आणि त्या वाटेवर हानांच्या उत्तरेकडच्या शत्रूंचा, श्योंगनू टोळ्यांचा, त्रास नसणार. हान सम्राट वूने ती वाट शोधायला वांग रानयू आणि आणखी काही जणांना पाठवले. ते आजच्या युन्नानमधल्या दिएन राज्यात पोचले. तिथल्या चांगच्यांग या राजाने त्यांना ठेवून घेतले आणि त्यांच्यासाठी पश्चिमेकडे वाट काढायला दहाहून अधिक तुकड्या पाठवल्या. वर्षभर खटपट झाली, पण कुनमिंग लोकांनी सगळ्यांना अडवले. शेनदूला कोणीच पोचले नाही.

‘हान आणि मी, मोठे कोण?’ हा प्रश्न या चांगच्यांगने विचारला. त्याच्यापुढे मजकुरात एवढेच येते, की येलांगच्या सरदारानेही तसेच विचारले. आणि लगेच सिमा च्येन कारण देतो: वाट नव्हती, त्यामुळे दोघेही स्वतःला एकेका प्रांताचे धनी समजत, हानांचा मुलूख केवढा आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. मूळ मजकुरात गर्वाचा आरोप नाही, हसणे नाही. आहे ते वाटेबद्दलचे विधान, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तेच आहे.

ही वाट किती अवघड होती, हे त्याच ग्रंथातल्या आकड्यांवरून कळते. इ.स.पू. १३५मध्ये तांग मेंग नावाचा हान अधिकारी नानयूए राज्याच्या राजधानीत, म्हणजे आजच्या ग्वांगझोऊमध्ये गेला होता. तिथे त्याला जेवणात ‘जू’ नावाच्या फळाची चटणी वाढली. हे फळ कोणते यावर वाद आहे. मिरी-पिंपळीच्या कुळातला वेल ही एक ओळख प्रचलित आहे. चटणी कुठून आली असे विचारल्यावर उत्तर मिळाले, वायव्येकडून, झांगके नदीने. हानांच्या राजधानीत परतल्यावर त्याने सिचुआनच्या एका व्यापाऱ्याला गाठले. व्यापारी म्हणाला, ही चटणी फक्त आमच्याकडे होते, लोक ती चोरून सीमेपार नेतात आणि येलांगच्या बाजारात विकतात. येलांग झांगके नदीच्या काठी आहे आणि तिथे नदी शंभरावर पावले रुंद, नावा चालतील एवढी आहे.

तांग मेंगने यातून लष्करी बेत काढला: येलांगचे सैन्य घ्यायचे, नदीने खाली उतरायचे आणि नानयूएवर पाठीमागून पडायचे. सम्राटाला हा बेत पटला. तांग मेंग १,००० सैनिक आणि अन्नसामग्री वाहणारे १०,०००हून अधिक लोक घेऊन निघाला. हे प्रमाण पाहा: एका सैनिकामागे दहा हमाल. पुढे रस्ता बांधायला घेतला तेव्हाचा आकडा याहून बोलका आहे. ‘शिजी’च्या अर्थव्यवहारावरच्या प्रकरणात म्हटले आहे, की हजार ली अंतर पाठीवर धान्य वाहून न्यावे लागे आणि दहाहून अधिक ‘झोंग’ पाठवावे तेव्हा एक ‘शी’ पोचे. एक झोंग म्हणजे साधारण ६.४ शी. म्हणजे ६४ मापे निघाली तर मुक्कामाला पोचणार एक. बाकीचे वाहणाऱ्यांच्याच पोटात जाणार, कारण हमालही रोज खातो आणि परतीच्या वाटेवरही खातो. हानांचा एक ली म्हणजे सुमारे ४१५ मीटर, तेव्हा हजार ली म्हणजे ४१५ किलोमीटरच्या आसपास. सपाटीवर हे अंतर काही मोठे नाही. ग्वीझोऊमध्ये मात्र चुनखडीचे डोंगर, खोल घळी आणि सततचा पाऊस आहे. बो (आजचे सिचुआनमधले यीबिन) पासून झांगके नदीपर्यंत रस्ता काढण्याचे काम कित्येक वर्षे चालले. माणसे उपासमारीने आणि दमट हवेच्या आजारांनी मेली, स्थानिकांनी वारंवार बंड केले, आणि शेवटी श्योंगनूंविरुद्धच्या लढाईकडे बळ वळवायचे म्हणून दरबाराने बराच भाग सोडून दिला. येलांगकडची दोन परगण्यांची ठाणी तेवढी ठेवली.

आता हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून पाहा. इ.स.पू. १३५पर्यंत हान दरबारालाही येलांगची नीट माहिती नव्हती. ती मिळाली एका जेवणातल्या चटणीवरून आणि चोरट्या व्यापाराची खबर असलेल्या व्यापाऱ्याच्या तोंडून. दरबाराला भारताची वाटही सापडली नाही. अज्ञान दोन्हीकडे होते. लिहिण्याची कला एकाच बाजूकडे होती, म्हणून एकाच बाजूचे अज्ञान म्हणीत उतरले.

येलांगचा सरदार खरेच मूर्ख असता तर तांग मेंग आल्यावर तो ऐटीत राहिला असता. प्रत्यक्षात काय झाले हे त्याच मजकुरात आहे. सरदाराचे नाव दुओतोंग. त्याला भरपूर भेटी मिळाल्या, हान अधिकारी नेमायचे ठरले, त्याच्या मुलाला परगण्याचा अधिकारी करायचे ठरले. आसपासच्या छोट्या वस्त्यांनाही हानांचे रेशीम हवे होते. त्यांनी विचार केला, की एवढ्या बिकट वाटेने हान इथवर येऊन मुलूख ताब्यात ठेवू शकणार नाहीत, तेव्हा तूर्त हो म्हणावे. हा हिशेब बरोबर होता! त्यानंतरची जवळजवळ पंचवीस वर्षे तो बरोबर ठरला. नानयूएनेही येलांगला संपत्तीच्या जोरावर आपल्या प्रभावाखाली आणायचा प्रयत्न केला होता, पण त्याला मांडलिक करता आले नव्हते. दोन बड्या शेजाऱ्यांकडून माल घ्यायचा आणि चाकरी कोणाचीच करायची नाही, हे धोरण आहे. त्याला बढाई म्हणता येत नाही.

येलांग केवढे होते याचे उत्तर मला थोडे अडखळत द्यावे लागते. तांग मेंगने सम्राटाला लिहिले, की येलांगकडे एक लाखावर उत्तम सैनिक आहेत. हा आकडा बरेच लेख जसाच्या तसा छापतात. पण तो मोहीम मंजूर करून घेणाऱ्या माणसाचा आकडा आहे. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. पुढे या मुलखाचा झांगके हा जिल्हा झाला. त्याची इ.स. २मधली नोंद ‘हानशू’ या हान घराण्याच्या इतिहासग्रंथात आहे: १७ परगणे, २४,२१९ घरे, १,५३,३६० माणसे. बायका, पोरे, म्हातारे सगळे धरून आणि येलांगबाहेरचा मुलूखही धरून ही गणती आहे. सरकारी गणतीत डोंगरातले बरेच लोक आलेच नसणार, ही सूट दिली तरी एकट्या येलांगचे लाखभर निवडक सैनिक बसत नाहीत. म्हणून मी एवढेच लिहितो, की शेजाऱ्यांच्या मानाने मोठे आणि हानांच्या मानाने छोटे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. इ.स.पू. १११मध्ये हानांनी नानयूए जिंकले. तेही ज्या नदीसाठी एवढा खटाटोप केला तिच्यावरून येलांगचे सैन्य खाली उतरायच्या आत. नानयूएचा आधार गेल्यावर येलांगचा सरदार हान दरबारी हजर झाला आणि त्याला ‘येलांगचा राजा’ हा किताब मिळाला. इ.स.पू. १०९मध्ये दिएनही शरण आले. सिमा च्येन नोंदवतो, की शेकडो सरदारांपैकी राजमुद्रा फक्त येलांग आणि दिएन या दोघांना मिळाल्या, आणि दिएन छोटे असूनही सम्राटाची मर्जी त्याच्यावर अधिक होती.

यातली दिएनची मुद्रा सापडली आहे. १९५६मध्ये आजच्या कुनमिंग शहराजवळ जिननिंगच्या शिझाइशान टेकडीवर सहाव्या क्रमांकाच्या थडग्यात ती निघाली. ती सोन्याची आहे, बाजू जेमतेम अडीच सेंटिमीटर, वजन सुमारे ९० ग्रॅम, मुठीच्या जागी वेटोळे घातलेला साप आणि तळाला ‘दिएनच्या राजाची मुद्रा’ अशी चार अक्षरे. ग्रंथातले विधान जमिनीतून असे जसेच्या तसे बाहेर येणे दुर्मीळ असते. याच पुराव्यामुळे येलांगबद्दलच्या मजकुरावरही आपण अधिक विश्वास ठेवू शकतो. येलांगची मुद्रा मात्र आजवर मिळालेली नाही.

येलांगचा शेवट इ.स.पू. २७च्या सुमारास झाला. शिंग नावाचा राजा शेजारच्या दोन सत्ताधीशांशी लढत होता. दरबाराने समेटासाठी अधिकारी पाठवला. तेव्हा या लोकांनी हान अधिकाऱ्याचा लाकडी पुतळा कोरला, वाटेच्या कडेला उभा केला आणि त्यावर बाण मारले. मग चेन ली नावाचा नवा जिल्हाधिकारी आला. त्याने थोड्या माणसांनिशी जाऊन शिंगला बोलावून घेतले, खडसावले आणि तिथेच त्याचे डोके उडवले. शिंगच्या सासऱ्याने आणि मुलाने २२ वस्त्या उठवून लढा दिला, पण चेन लीने त्यांचे पाणी तोडले आणि बंड मोडले. बढाईची गोष्ट सांगायचीच तर ती या पुतळ्याची सांगता आली असती. म्हणीत ती आली नाही.

आता जागेचा प्रश्न. सगळ्यात पक्का दुवा नदीचा आहे, कारण ती एकाच वेळी तीन अटी पुऱ्या करते: येलांगजवळून जाणे, नावा चालण्याइतकी रुंद असणे आणि ग्वांगझोऊपर्यंत वाहत जाणे. ग्वीझोऊच्या पश्चिम भागातली बेइपान नदी होंगशुई नदीला मिळते आणि ते पाणी पुढे मोती नदीतून ग्वांगझोऊला पोचते. म्हणून बहुतेक अभ्यासक झांगके म्हणजे बेइपान असे धरतात आणि येलांगचा गाभा आन्शुन शहराच्या नैर्ऋत्येकडे शोधतात. त्याच पट्ट्यात पु-आन परगण्यातल्या तोंगगूशान इथे कांस्याची हत्यारे ओतण्याचे साचे सापडले आहेत.

यावर लोक हमखास हचांग परगण्यातल्या कलं गावाचे नाव पुढे करतात. तिथले उत्खनन खरोखर अद्भुत आहे. २०००मध्ये १०८ थडगी उघडली, आणि त्यांतल्या काहींत मृताचे डोके तांब्या-कांस्याच्या किंवा लोखंडी भांड्यात, कुठे कांस्य ढोलात घातलेले होते. भांड्यात डोके ठेवून पुरण्याची ही रीत चीनमध्ये आणखी कुठे अशी आढळलेली नाही. २००१च्या देशातल्या दहा प्रमुख पुरातत्त्वीय शोधांत त्याची निवड झाली. काळही जुळतो. पण कलं हा परिसर लिउचोंग नदीच्या उगमाकडचा आहे आणि त्याचे पाणी यांगत्सेकडे जाते, ग्वांगझोऊकडे नाही. म्हणून कलं ही येलांगची राजधानी असे म्हणायला मी तयार नाही. येलांगच्या काळातल्या, बहुधा त्याच्याशी नाते असलेल्या लोकांचे ते स्मशान, इथपर्यंतच मी जातो.

सर्वात जास्त घोटाळा होतो तो नंतरच्या काळातल्या ‘येलांग’ नावामुळे. राज्य संपले तरी नाव सरकारदप्तरी राहिले आणि ते फिरत राहिले. थांग राजवटीत ७व्या शतकात येलांग नावाचा परगणा ग्वीझोऊच्या उत्तरेला, आजच्या तोंगझीच्या बाजूला होता, आणि दुसरा पूर्वेला, आजच्या हुनान प्रांताच्या पश्चिम कडेला. कवी ली बाईला ७५८मध्ये हद्दपारीची शिक्षा झाली ती उत्तरेकडच्या येलांगची, आणि ७५९मध्ये वाटेतच यांगत्सेच्या घळीत त्याला माफी मिळाली. या दोन्ही जागांचा म्हणीतल्या राज्याशी नावापलीकडे संबंध नाही. पण नाव विकले जाते. २०१०च्या सुमारास हुनानमधल्या शिनहुआंग परगण्याने ‘प्राचीन येलांग’ उभारण्याची ५०० कोटी युआनची योजना जाहीर केली, आणि ग्वीझोऊमधले परगणेही आपापला दावा सांगत होतेच. तेव्हा एखाद्या फलकावर ‘येलांग’ दिसले की आधी विचारा: हे हान काळातले की थांग काळातले?

प्रश्न दिएनने विचारला तर म्हणीत येलांग का आले? याचे लेखी उत्तर नाही, माझा तर्क सांगतो. प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत येलांगचे नाव ‘सर्वात मोठे’ म्हणून येते, आणि प्रश्नाच्या वाक्यातही शेवटचे नाव त्याचेच. वाचणाऱ्याच्या मनात ‘येलांग’ आणि ‘मोठे’ हे दोन शब्द जोडले गेले असावेत. शिवाय हद्दपारीची जागा म्हणून हे नाव कवींच्या तोंडी राहिले. आज वापरात असलेल्या चार अक्षरी रूपाचा नेहमी दिला जाणारा दाखला तर फार उशिराचा आहे, पू सोंगलिंग (१६४०–१७१५) याच्या कथासंग्रहातला. मूळ प्रसंगापासून अठराशे वर्षे दूर. आपण ‘पानिपत झाले’ म्हणतो तेव्हा पराभव आठवतो, पण लढाईआधीचे महिने, तुटलेली रसद आणि छावणीतली उपासमार त्या दोन शब्दांत मावत नाही. इथेही निकाल उरला आहे आणि ‘वाट नव्हती’ हे कारण गळून पडले आहे.

प्रवासाचे म्हणाल तर सुरुवात ग्वेइयांगच्या प्रांतिक संग्रहालयापासून करा. कलंची भांडी, ढोल आणि हत्यारे एकदा पाहिली, की पुढे मोकळी टेकडी पाहतानाही काय पाहतो आहोत ते कळते. तिथेच शिंगयीच्या वानतुन थडग्यातला कांस्य रथ आणि घोडा आहे. तो पूर्व हान काळातला, म्हणजे येलांग संपल्यानंतरचा, पण हानांची सत्ता या मुलखात कशी रुजली ते त्यात दिसते. नंतर आन्शुनकडून बेइपानच्या घळीत उतरा. ग्रंथात लिहिलेल्या अंतरांचा अर्थ तिथे समजतो, कारण समोरच्या काठावर दिसणारे गावही पायी गाठायला बराच वेळ लागेल असा तो उतार आहे.

वेळ असेल तर युन्नानच्या यानजिन परगण्यातली दोउशा खिंड सोडू नका. हानांच्या आधीच्या छिन राजवटीत पाडलेल्या ‘पाच फुटी वाटे’चा सुमारे ३५० मीटरचा तुकडा तिथे टिकून आहे. दगडात खेचरा-घोड्यांच्या खुरांनी पडलेले खळगे दिसतात, आणि बाजूच्या कड्यावर ७९४ सालचा थांग शिलालेख आहे. छिन काळातला एक फूट सुमारे २३ सेंटिमीटरचा, म्हणजे पाच फूट म्हणजे सव्वा मीटरही नाही. एवढ्या रुंदीवर समोरून ओझे लादलेले जनावर आले तर एकाला थांबावेच लागते. दिएनची सुवर्णमुद्रा मात्र त्या बाजूला शोधू नका, ती बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मालकीची आहे. आणि दोनच दिवस असतील तर एक दिवस संग्रहालयाला आणि एक बेइपानला द्या. कलं दूर वायव्येला आहे, त्यासाठी वेगळा प्रवास करावा लागेल.